डाव्या हाताचा समुद्र

रत्नागिरीच्या लॉजसमोर गाडी सकाळी अकरा वाजता आली. पांढरी, सात जणांची, धुऊन पुसलेली. ड्रायव्हर आणि गाईड एकच माणूस होता. वय चाळिशीच्या आसपास, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्याने आमच्यासाठी मागचं दार उघडून धरलं. बांनी ते बंद केलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"मांगं बसलं का मले उलटी होते," बा म्हणाले.

हे खरं नव्हतं. माझे वडील गाडीत मागे कधी बसलेच नव्हते.

मी मागे बसले. माझ्या पर्समध्ये चार घड्या केलेला एक कागद होता. तो दिवस मावळायच्या आत बांना दाखवायचा, एवढ्यासाठी ही सहल होती.

कागद यवतमाळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यातला होता. त्यावर दोन वर्तुळं छापलेली, एकेका डोळ्याचं एक. जिथे दिसतं तिथे पांढरं, जिथे दिसत नाही तिथे काळं. उजव्या डोळ्याच्या वर्तुळात नाकाच्या बाजूला, म्हणजे डावीकडेच, काळा पट्टा होता. डाव्या डोळ्याचं वर्तुळ डावीकडून अर्ध्याच्या वर काळं होतं. तपासणीच्या वेळी बांनी एका यंत्रात हनुवटी टेकवली होती. आत बारीक दिवे लुकलुकतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर आले तेव्हा खुशीत होते. "एकबी सोडला नाही," म्हणाले. "जेवढे दिसले तेवढ्या सगळ्याइवर बटन दाबलं."

काचबिंदू आहे हे त्यांना माहीत होतं. थेंब ते घड्याळ लावून टाकत. पुढची गोष्ट मात्र डॉक्टरांनी मला एकटीला सांगितली, कारण बा त्या वेळी खोलीत नव्हते. दवाखान्याच्या फाटकात लावलेली जीप कोणाच्या तरी आड येत होती, ती काढायला ते बाहेर गेले होते. डॉक्टर म्हणाले, समोरचं आणि लांबचं त्यांना अजून नीट दिसतं, म्हणून त्यांच्या लक्षात येत नाही. पण डावीकडून माणूस आला तर दिसणार नाही. गाडी आजपासून बंद.

त्यानंतर बांनी मला आणि याडीला त्याच जीपमधून घरी नेलं. याडी म्हणजे आई. आमच्या बंजारा तांड्यात घराघरांत गोरबोली बोलतात. मी मागे बसून रस्त्याची डावी बाजू बघत राहिले.

याला तीन महिने झाले होते.

बांनी तीस-बत्तीस वर्षं मुकुटबन ते पांढरकवडा काळी-पिवळी जीप चालवली. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचे. बांनी पहिली जीप आणली तेव्हा तांड्यातले म्हातारे म्हणाले होते, बैल बदलला, धंदा तोच. परमिट संपल्यावर त्यांनी प्रवासी घेणं सोडलं, जीप नाही सोडली. आता आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, ते तांड्यातल्या बायका-म्हाताऱ्यांना मुकुटबनला नेऊन आणत. रस्ता अरुंद. कडेला शेळ्या, सायकली, शाळेची मुलं. डाव्या बाजूलाही.

मी यवतमाळला एका दैनिकात काम करते. तीन महिन्यांत चार वेळा तांड्यावर गेले आणि चारही वेळा न सांगता परत आले. एकदा बा जीपखाली झोपून काहीतरी आवळत होते. एकदा शेजारचे लोक येऊन बसले होते. चौथ्या वेळी याडी मला वेशीपर्यंत सोडायला आली.

"घरी सांगशीन तं तो किल्ली उचलीन अन् निंघून जाईन," ती म्हणाली. "त्याच्या हाताशी गाडी नसन तिथं सांग."

कोकणातल्या सागरी रस्त्याचा एक व्हिडिओ बांच्या मोबाइलवर कोणीतरी पाठवला होता. तो थांबवून थांबवून ते वळणं बघत. मी जाऊ या का विचारलं, तेव्हा म्हणाले, "समुद्र काय पाह्याचा, पानीच तं हाय. रस्ता कसा हाय ते पाहू." याडीने गुडघ्यांचं कारण सांगितलं आणि ती घरी राहिली. दोन रेल्वे बदलून आम्ही रत्नागिरीला पोचलो.

शहराबाहेर पडल्यावर गाईडने सुरुवात केली. बोलणं पाठ होतं. "आता आपण उत्तरेला चाललोय. म्हणजे जाताना समुद्र सतत डाव्या हाताला. काकांची सीट एक नंबर."

बा समोर बघत होते. त्यांचा उजवा पाय खालच्या रबरी चटईवर टेकलेला होता आणि प्रत्येक वळणाला ब्रेकवर दाबावा तसा दाबला जात होता. हात मांडीवर. मधूनच डावा हात गिअरच्या दांड्याच्या जागी जायचा, जिथे आता दाराचा हँडल होता.

आरे गावापुढे रस्ता चढणीला लागला. एका बाजूला जांभ्या दगडाची दरड, दुसऱ्या बाजूला खाली सरळ पाणी. पाणी बांच्या काचेला लागून होतं. गाईड म्हणाला, "काका, हे बघा, फोटोत येतं ते हेच." बांनी मान वळवली, खांदासुद्धा वळवला, जवळजवळ दाराकडे तोंड केलं, मग "हो, हो" म्हणून पुन्हा सरळ झाले. त्यांना समुद्रात रस नाही अशी मी समजूत करून घेतली.

वरच्या टोकाला गाडी थांबली. "इथे वीस मिनिटं," गाईड म्हणाला. मी खाली उतरले आणि पर्सची चेन उघडली. बा कठड्याकडे गेले. कठडा हाताने हलवून पाहिला. मग गाडीभोवती फिरून चारही टायर पाहिले आणि पुढच्या उजव्या टायरवर लाथ मारली.

"हवा कमी हाय यात."

"नाय ओ काका, कालच भरली."

"काल भरली असन. आज कमी हाय."

गाईडने वाकून पाहिलं. बा माझ्याकडे आले आणि गोरबोलीत म्हणाले, पोरगा चांगला चालवतो, पण वळणावर हॉर्न उशिरा देतो. मी म्हटलं, बा, एक बोलायचं होतं. ते म्हणाले, बोल. पाठीमागे एक बस येऊन उभी राहिली आणि तीस-चाळीस शाळकरी मुली कठड्याकडे धावल्या. बा लगेच गाडीत जाऊन बसले. गर्दीत गाडी अडकण्याआधी काढायची, ही त्यांची सवय. चेन मी पुन्हा लावली.

गणपतीपुळ्याला ते उतरले नाहीत. मालगुंडला जेवायला थांबलो. सोलकढीचा पेला त्यांनी उजेडात धरून पाहिला. "हे काय, रंगपंचमीचं उरलेलं?" गाईड हसला. वाढणाऱ्या बाईंना मात्र ते आवडलं नाही. इथे सांगावं असं मी ठरवलं होतं. पण गाईड आमच्याच टेबलावर बसला होता, आणि दोघांचं डिझेलच्या गाडीला चढावर कुठला गिअर चांगला यावर बोलणं सुरू झालं होतं. मी भात संपवला. घड्याळात दीड वाजला होता.

जेवणानंतर दोन-तीन किलोमीटरवर रस्त्याकडेला दोन बायका उभ्या होत्या, रिकाम्या पाट्या काखोटीला मारून. त्यांनी हात केला नव्हता. त्या एसटीची वाट पाहत होत्या. लांबचं बांना बरोबर दिसायचं. त्यांनी काच खाली घेतली आणि बाहेरून दारावर तळहाताने दोनदा थाप मारली.

"थांबव, थांबव."

गाईडने दचकून ब्रेक मारला. त्याला वाटलं असावं, काहीतरी गाडीखाली आलं.

"कोठी जाता, बाई?" बांनी विचारलं.

"जयगडला."

"बसा. आपली तिकडंच चालली."

"काका, ही प्रायव्हेट टूर आहे," गाईड हळू आवाजात म्हणाला. "अशी माणसं घेत नाय आम्ही."

"मागं चार सीटा खाली. खाली सीट घेऊन माणसाजवळून जाता तुम्ही? पाप लागते."

बायका एकमेकींकडे पाहत होत्या. मी सरकले. बांनी मागे वळून बसवायला घेतलं. "तू खिडकीकडं हो. आजी, तुम्ही मधात. पाटी पायात नोको, मागं टाका. हां. अजून एक जण बसते इथं." सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. तो मी लहानपणी मुकुटबनच्या चौकात ऐकलेला होता.

म्हातारीने विचारलं, "कुठचे तुम्ही?"

"यवतमाळ जिल्हा."

"ते खंय इलां?"

ते कुठे येतं, असं विचारलंय हे बांना अंदाजाने कळलं. "वाघाकडं. आमच्याकडं वाघ, तुमच्याकडं पानी. दोन्ही दुरून पाह्याचे."

म्हातारी हसली. दुसरी, तिची सून असावी, म्हणाली, "आमी पाणी दुरून बघून खाऊ काय?" बा म्हणाले, "हेबी खरं हाय." गाईडही हसला. जयगडपर्यंत त्याने समुद्राविषयी काही सांगितलं नाही. बायका सांगत होत्या: कोणत्या वळणावर कोणाचा टेम्पो उलटला, कोणत्या वाडीत पाणी नाही. बा प्रत्येक गोष्टीला "मंग?" म्हणत होते. दिवसभरात ते प्रथमच स्वस्थ बसले होते आणि मला पर्स मांडीवर घेऊन बसवत नव्हतं.

जयगडच्या धक्क्यावर बायका उतरल्या. इथून खाडी ओलांडायला फेरीबोट असते. गाड्या बोटीवर चढवतात, पलीकडच्या किनाऱ्याला उतरवतात. त्या दिवशी गाड्या उलट्या चढवून घेत होते, म्हणजे पलीकडे सरळ बाहेर काढता याव्यात. बोटीवरचा माणूस एका ट्रकच्या चाकाला, तो सरकू नये म्हणून, लाकडाची उटी लावत होता. आमच्या गाईडने आरसे पाहिले, मागे पाहिलं, आणि थांबला.

"मी सांगतो," बा म्हणाले आणि उतरून बोटीवर गेले.

जीपवाल्यांच्या धंद्यात हे काम असतं. मागे उभं राहायचं, हाताने बोलवायचं, जागा संपली की गाडीच्या पत्र्यावर थाप मारायची. ड्रायव्हर त्या हातावर विश्वास ठेवतो, आरशावर नाही. बा बोटीच्या मधोमध, गाडीकडे तोंड करून उभे राहिले. उजव्या हाताने बोलवू लागले.

"येऊ द्या. येऊ द्या. अजून. येऊ द्या."

त्यांच्या डाव्या हाताला, पाच-सहा फुटांवर, एका पाववाल्याची मोटरसायकल उभी होती. मागे दोन्ही बाजूंना पावाच्या मोठ्या पिशव्या. मी धक्क्यावरून ती पाहत होते. बांना ती दिसत असणार असं मला वाटलं, कारण ती तिथे उघड्यावर होती. गाडी तिरकी आली. मी "बा" म्हणून हाक मारली तेव्हा ते अजून "येऊ द्या" म्हणत होते.

मोटरसायकल कठड्यावर कलंडली. एक पिशवी फुटली आणि पाव डेकवर सगळीकडे घरंगळले. पाववाला बाजूलाच उभा होता; त्याला काही लागलं नाही.

"काका," तो म्हणाला, "एवडी मोठी गाडी दिसली नाय तुमाला?"

"नव्हती तिथं," बा म्हणाले.

बोटीवरच्या माणसाने ट्रककडून मान वळवून पाहिलं. बांनी डावीकडे मान वळवली, खांदा वळवला, तसंच पूर्ण वळले, आणि मग त्यांना मोटरसायकल दिसली. थोडा वेळ ते तिच्याकडे बघत राहिले. नंतर खाली बसून पाव गोळा करू लागले. गाईड, पाववाला, मी, सगळेच वाकलो. भरून देतो, असं बा म्हणाले. पाववाल्याने हात हलवून नको म्हटलं. गाईडने बंपरवरचा ओरखडा अंगठ्याने पुसला.

बोट सुटली. बा कठड्याशी जाऊन उभे राहिले. त्यांनी डावा हात खांद्याच्या रेषेत बाजूला धरला आणि बोटं हलवत हळूहळू पुढे आणू लागले. हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा थांबला. त्यांनी पुन्हा केलं. मग उजव्या हाताने करून पाहिलं, तो बराच आधी थांबला. मग पुन्हा डावा.

पुढचं बोलणं गोरबोलीत झालं.

"डॉक्टरनं तुला काय सांगितलं होतं?"

"गाडी बंद करा म्हणाले."

"कधी?"

"त्याच दिवशी. तुम्ही जीप काढायला गेला होता तेव्हा."

"तीन महिने झाले."

"हो."

"या तीन महिन्यांत मी बाजाराला किती माणसं नेली, तुला माहीत आहे?"

"नाही."

"मला आहे." ते पाण्याकडे बघत होते. "लोकांच्या बातम्या छापतेस आणि घरची दाबून ठेवतेस. बाजाराला येते त्या म्हातारीच्या मांडीवर नातू असतो दर वेळी."

मी कागद काढला. वारा होता म्हणून एक कोपरा त्यांनी धरला, एक मी. त्यांनी दोन्ही वर्तुळं पाहिली. डाव्या वर्तुळावर बोट ठेवलं.

"काळं म्हणजे?"

"तिथे दिसत नाही."

"एवढं?"

"हो."

"मला तिथे काळं दिसत नाही," ते म्हणाले. "काळं दिसलं असतं तर समजलं असतं. तिथे काहीच नसतं. सगळं पूर्ण असल्यासारखंच दिसतं."

कागदाची घडी त्यांनी स्वतः घातली आणि खिशात ठेवली.

पलीकडे तवसाळला उतरल्यावर पुढे हेदवी आणि गुहागर दाखवायचं गाईडच्या यादीत होतं. बा म्हणाले, परत चला. तो म्हणाला, काका, खरा रस्ता तर पुढेच आहे. बा म्हणाले, झाला पाहून. पुढची फेरी सुटेपर्यंत आम्ही तिघं धक्क्यावर बसलो. गाईडने त्यांना चहा आणून दिला. डोळ्यांचं त्याला काहीतरी कळलं असावं, कारण कप देताना तो त्यांच्या उजव्या बाजूने आला.

परतीला बोटीवर गाडी चढवताना बा खाली उतरले नाहीत.

जयगडनंतर गाडी दक्षिणेला लागली. बा पुन्हा पुढच्याच सीटवर होते. आता समुद्र उजवीकडे होता, गाईडच्या खिडकीपलीकडे. ऊन तिरपं झालं होतं. मालगुंड गेलं, पुळं गेलं. आरे गावाअलीकडच्या त्याच चढाला लागताना मला जाणवलं की बा बराच वेळ उजवीकडे बघत आहेत, मान न वळवता, नुसते डोळे नेऊन.

"आत्ता दिसून राह्यला," ते म्हणाले.

"काय काका?"

"समुद्र. सकायी दिसला नाही मले."

गाईडने गाडी हळू केली. बांचा उजवा पाय त्याआधीच दाबला गेला होता. पुढे एका बसथांब्यावर एक माणूस पोतं घेऊन उभा होता. गाईडने बांकडे पाहिलं. घ्यायचं का, असा प्रश्न होता.

"तुमचं तुम्ही पाहा," बा म्हणाले. "मी सांगनं बंद केलं."

गाईडने त्याला घेतलं.

तांड्यावर पोचल्यानंतरचा पहिला बाजाराचा दिवस मी तिथेच काढला. सकाळी नेहमीची सात-आठ माणसं पिशव्या घेऊन जीपपाशी जमली. बा बाहेर आले आणि त्यांना म्हणाले, आजपासून गाडी बंद, डोळे अधू झालेत, तीन महिन्यांपासून अधू होते. तीन महिन्यांचं सांगायची गरज नव्हती. त्यांनी ते सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही. नातवाला घेऊन येणारी म्हातारी म्हणाली, "मंग मी कशी जाऊ?" बाकीचे हसले, मग त्यांना कळलं की तिने गंमत केलेली नव्हती. ती पायी निघाली. रस्ता तीन किलोमीटर आहे. बा वेशीपर्यंत तिच्या बरोबर गेले आणि परत आले.

जीप विकलेली नाही. गिऱ्हाईक आलं होतं. बांनी त्याला इंजिनातले सगळे दोष सांगितले, जे आहेत ते आणि जे नाहीत तेही. किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर असते. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशीच, बा जीप सुरू करतात. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, त्यामुळे सुरू करावीच लागते. त्यात चुकीचं काही नाही.

त्या वेळी याडी मला फोन लावते. ती फोन अंगणाच्या दिशेने धरते. मी ऑफिसात असले तर जिन्यात जाऊन उभी राहते. इंजिन लागल्याचं ऐकू येतं, मग जागेवरच एका लयीत चालल्याचं. मधेच बा रेस देतात. बंद झाल्याचं ऐकू येईपर्यंत मी फोन ठेवत नाही.